हललेला फोटो

फोटोवालीच्या दुकानात एक स्टूल, पांढरा पडदा आणि चार दिवे. पासपोर्टचे फोटो काढण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. "हनुवटी वर. कान दिसू देत. हसू नका. हलू नका." वीस वर्षं हीच चार वाक्यं. वडील होते तोवर जेवायला बसताना पाचवं वाक्य तरी व्हायचं. ते गेले आणि दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत बोलायला भिंतीच उरल्या. अख्ख्या रस्त्याचे चेहरे तिला पाठ, पण रस्त्याला तिचं नावही ठाऊक नाही. फोटोवाली म्हणजे फोटोवाली.

सेहेचाळिसाव्या वर्षी तिने मूल दत्तक घ्यायचं ठरवलं. आपल्या देशात एकट्या बाईचा, त्यातून या वयाच्या, नंबर लागेपर्यंत आजी व्हायची वेळ आली असती. म्हणून दत्तक-संस्थेच्या बाईंनी दुसरा एक देश सुचवला. तिकडे एकटी बाई चालते, पण मूल जरा मोठं मिळतं.

"मोठं तर मोठं," ती म्हणाली, "मी तरी कुठे लहान आहे?"

मग कागदांचं लचांड सुरू झालं. चोऱ्यामाऱ्या केल्या नाहीत म्हणून पोलिसांचा दाखला, धडधाकट आहे म्हणून डॉक्टरांचा. लग्न झालेलं नाही म्हणूनसुद्धा दाखला! जे घडलंच नाही त्याचा पुरावा देणारं कार्यालय असतं हे तिला तेव्हा कळलं, आणि तिथली रांग बघून आपण काही एकट्याच नाही हेही कळलं. प्रत्येक कागद तिकडच्या भाषेत करून घ्यायचा, त्यावर आधी इकडचा शिक्का, मग वकिलातीचा. डॉक्टरांचा दाखला सहा महिन्यांत शिळा व्हायचा आणि पोलिसांचा यायचा सातव्या महिन्यात. तिसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाले, "इतक्या वेळा तपासून घेणारी निरोगी बाई मी आजवर पाहिली नाही."

संस्थेच्या बाई घर बघायला आल्या. खिडक्यांचे गज हलवून पाहिले, जिन्याचा कठडा पाहिला, मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "आजारी पडलात तर कोणाला हाक मारता?"

"मी आजारी पडत नाही."

बाईंनी काही लिहिलं नाही. पेन हातात धरून वाट बघत राहिल्या. शेवटी फोटोवालीने दादाचा पत्ता दिला. दादा तिचा थोरला भाऊ, लांबच्या गावी राहणारा. तिचं काही बरंवाईट झालं तर मुलाचा सांभाळ करीन, असं हमीपत्र त्याने सही करून पोस्टाने धाडलं. सोबत चिठ्ठी होती : "पन्नाशीला टेकलीस. सुखातला जीव दुःखात कशाला घालतेस?" यातलं सुख नेमकं कुठलं, हे त्याला विचारावंसं तिला फार वाटलं. पण सही आली होती, तेवढं पुरे होतं.

दोन वर्षांनी एका मुलीचा फोटो आला. वय सात, पुढचे दोन दात पडलेले, भुवया आवळलेल्या. कान मात्र छान दिसत होते.

आता एकच कागद उरला, आणि तो मिळवणं तिच्या हातात नव्हतं. सात वर्षं पुरी झालेल्या मुलाचा स्वतःचा होकार लागतो, असा तिकडचा नियम होता. त्याआधी मुलीला घराची ओळख व्हावी म्हणून फोटोंचा अल्बम पाठवायचा.

"हे तर तुमच्या डाव्या हातचं काम," संस्थेच्या बाई म्हणाल्या.

फोटोवालीने जीव ओतला. खोलीत ऊन हवं तसं येईपर्यंत तासन्‌तास थांबली. नवा पलंग, कपाटातले छोटे हँगर, शाळेचं फाटक, टेबलापाशी दोन खुर्च्या. चोवीस फोटो, एकही वाकडा नाही.

महिन्याने उत्तर आलं. मुलीने सही केली नव्हती. अल्बम दोनदा उलटून तिने तिथल्या अनाथाश्रमातल्या ताईंना विचारलं होतं, "या घरात कोणीच राहत नाही का?"

संस्थेच्या बाईंनी अल्बमची प्रत चाळली आणि कपाळावर हात मारला. "अहो, तुम्ही कुठे आहात यात?"

ती कुठेच नव्हती. कॅमेऱ्याला टायमर होता, तो रोज डोळ्यांसमोर होता, पण घर दाखवायचं तर त्यात आपणही येतो हे तिच्या डोक्यातच आलं नाही. तिला रडू आलं. पोरीने परक्या देशात बसून बरोबर ओळखलं होतं.

वर येऊन तिने टायमर लावला आणि खुर्चीत बसली. हनुवटी वर, कान मोकळे. फोटो आला तो वसुली अधिकाऱ्याचा. हसून पाहिलं, तर दाढ दुखत असल्यासारखं दिसलं. दहाव्या खेपेला खुर्चीपाशी पोचते तोच मागे कॅमेऱ्याचा स्टँड कलताना दिसला. घाईत एका पायाचा स्क्रू आवळायचा राहिला होता. "अगं बाई!" करत ती धावली आणि कॅमेऱ्याने नेमकं तेव्हाच टिपलं. तोंड उघडं, केस उडालेले, दोन्ही हात पुढे, एक चप्पल मागेच राहिलेली. फोटो हललेला. गिऱ्हाइकाचा असता तर तिने फाडून टाकला असता. तिने तोच पाठवला, कारण त्या घरात कोणीतरी राहत होतं.

पाच आठवडे गेले. दुकानात गिऱ्हाईक बसलेलं असताना संस्थेच्या बाईंचा फोन आला. सही झाली होती. मुलीने विचारलं होतं, ही बाई एवढी कोणाला धरायला धावतेय? "तुलाच असेल," तिथल्या ताई म्हणाल्या. त्यावर तिने स्वतःहून पेन मागून घेतलं.

फोटोवालीने फोन ठेवला. धावत वर जाऊन सांगावं, तर वर कोणी नव्हतं. दादाला दिवसा फोन केलेला खपत नसे. समोर स्टुलावर एक अनोळखी गृहस्थ हनुवटी वर करून, कान दाखवत, श्वास रोखून बसले होते.

"हलू नका," ती म्हणाली. मग तिला राहवलं नाही. "मला मुलगी झाली. सात वर्षांची."

"अरे वा!" म्हणत गृहस्थ उठलेच, आणि फोटो हलला.