बोटीची टाकी आणि आमची खाचरं

बी.कॉम.ला असताना मी शनिवार-रविवार पवनेच्या धरणावर एका राहायच्या बोटीवर कामाला जायचो. पाहुण्यांना चहा द्यायचा, गाद्या घालायच्या आणि ते गेले की संडासाची टाकी बघायची. बोटीवरच्या संडासाचं सगळं तळाच्या टाकीत साठतं. वास येऊ नये म्हणून त्यात निळं औषध ओततात. टाकी भरली की काठावर मैल्याची गाडी येऊन उपसून न्यायची.

मे अखेरीस बोट काठावर ओढायची होती आणि गाडी काही आली नाही. मालक फोनवर म्हणाले, टाकीची खालची चावी सोडून दे, एवढं मोठं धरण आहे. मला ते जमेना. आमच्या गावाच्या नळाचं पाणी तिथूनच येतं. घरी वडिलांना, आबांना, सांगितलं तर ते म्हणाले, आमच्या आज्यानं शेतात सोनखतच घातलं, माणसाच्या मैल्याचं. राब, म्हणजे पालापाचोळा आणि शेण, भाजून भाताच्या रोपांचा तुकडा पेरणीसाठी तयार होता.

"आबा, त्यात औषध हाय," मी म्हणालो.

"वासाचंच ना? शहरातली मानसं लय खात्यात. खत बी तसंच आसंल."

आईलाही हसू आलं. आम्ही ड्रम भरून टेम्पोतून नेले आणि त्या तुकड्यात ओतले. मला बरं वाटलं होतं. धरणात काही गेलं नव्हतं.

पाऊस पडल्यावर भात पेरलं. शेजारच्या वावरात रोपं दाट आली. आमची विरळ उगवली, पिवळी पडली आणि खुरटून बसली. आबा बांधावर जाऊन नुसते उभे राहायचे. औषधानंच झालं का, मला आजही नक्की सांगता येत नाही. कॉलेजातले एक सर म्हणाले, माती तपासून घ्या.

मामाच्या गावाहून थोडी रोपं मिळाली. पण आवणीला, रोपं उपटून खाचरात लावायला, माणसं लागतात. आमच्याकडे आज तुमच्या खाचरात, उद्या आमच्या, अशी पडकई चालते. आई सगळ्यांकडे लावायला गेली. आमची पाळी आली की कुणाचे गुडघे दुखायचे, कुणाकडे पाहुणे यायचे. शेवटी शेजारच्या मावशी बांधावर थांबल्या.

"तुमच्या चिखलात पाय कसा घालू, बाई? कुनाकुनाचं हाय त्यात."

आबा म्हणाले, एकाच तुकड्यात टाकलंय, बाकीची खाचरं चोख हायत.

"पानी वरनं खालीच येतंय न्हवं, भाऊ?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कालिजात ह्येच शिकवत्यात व्हय रं?"

मावशींचंही काही चुकलं असं मला वाटत नाही.

आम्ही तिघांनीच लावायला घेतलं. पलीकडे बायका ओळीनं वाकून गाणी म्हणत होत्या. आई एकटीच वाकलेली होती आणि मला तिच्या हातासारखा हात चालवता येत नव्हता. दोन खाचरं राहिलीच. तोवर उरलेली रोपं जून झाली होती.

पुढच्या वर्षी आवणीला आईला कुणी बोलवायला आलं नाही. ती पावसाचं इरलं काढून दारात बसून होती.