नागलीच्या दाण्यांची बाई

असले अनुभव मी आजवर वाचले ते टवाळी करायलाच. पंचवीस वर्षं मास्तरकी केली, पाड्यावरच्या पोरांच्या डोक्यातलं भूत-भगत काढणं हेच आपलं काम समजलो. त्यामुळे हे लिहिताना संकोच वाटतोय... आणि खरं सांगायचं तर जे घडलं त्याचा संकोच कमी, माझाच जास्त आहे.

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्त्याला लागून आमची निवासी शाळा आहे. नाव देत नाही. मी तिथे चित्रकला आणि कॉम्प्युटर शिकवतो. भाताच्या लावणीसाठी घरी गेलेली पोरं परतली की दरवर्षी आठवीचा वर्ग अ‍ॅनिमेशन करतो. साधंच असतं – काळ्या कापडावर नागलीचे, म्हणजे नाचणीचे, दाणे मांडून चित्र करायचं, झाडूच्या काडीने दाणे जरासे सरकवायचे, वर बांधलेल्या मोबाईलने फोटो घ्यायचा. परत सरकवायचे, परत फोटो. फिल्मच्या एका सेकंदाला बारा. पण स्वतःचं करण्याआधी मागच्या वर्षांच्या पोरांनी केलेली बघायची, हा माझा नियम. एकदा सलग बघायचं. मग जे दिसलं ते वहीत लिहायचं. मग एकेक फोटो थांबवून चुका शोधायच्या – कुठे हाताची सावली आली, कुठे कापड हललं.

सगळ्यात शेवटी मी एक फिल्म हमखास दाखवतो. अडतीस सेकंदांची. एक बाई रिकामा हंडा घेऊन डोंगर उतरते, विहिरीवर येते, आत वाकून बघते... संपलं. खाली माझ्या मुलीचं नाव येतं. जिल्ह्याच्या स्पर्धेत तिला पहिलं बक्षीस मिळालं होतं. परीक्षक म्हणाले होते, "रिकाम्या हंड्यावर थांबवलंय, काय सूचक शेवट!" मीही वर्गात तेच सांगत आलो – कुठे थांबावं ते हिच्याकडून शिका.

गेल्या ऑगस्टमधली गोष्ट. दुपारचे बारा वाजले असतील. फिल्म चालू असताना मी खिडकीचा पडदा धरून बाहेर बघत उभा होतो. पन्नास वेळा पाहिलेली फिल्म, परत काय बघायची? मग पोरांनी वह्या लिहिल्या आणि मंजुळा नावाची पोरगी वाचायला उठली.

"बाईने पाणी काढलं. हंडा गळका होता. वाटेत थेंब पडत गेले. मागून पाखरं आली आणि थेंब प्यायली. बाईला कळलं नाही. ती घरी गेली."

"अगं, हे कुठलं? ती विहिरीवरच थांबते."

"नाय सर! घरी जाते!" अख्खा वर्ग ओरडला. मागून कोणीतरी म्हणालं, "सर, चष्मा लावा."

सगळे हसले, मीही हसलो. वह्या गोळा केल्या. एकवीस वह्या. एकीत नुसता मथळा, एकजण झोपला होता. उरलेल्या एकोणिसांत तेच – गळका हंडा, थेंब, मागून पाखरं. कोणी चिमण्या लिहिलं होतं, कोणी कोंबड्या. एकमेकांचं बघून लिहिलं असेल म्हणावं, तर ज्या पहिल्याने लिहिलं त्याने तरी कुठून आणलं?

फिल्म परत लावली. या वेळी मीही बघितली. बाई वाकली. संपलं. मुलीचं नाव आलं.

 मग मंजुळाने विचारलं, "सर, पुढचं कापलंत का?"

मी तास तिथेच आवरता घेतला. कारण त्या बाईला पाणी घेऊन घरी जायचं होतं हे मला माहीत होतं. जगात दोनच माणसांना माहीत होतं.

ती फिल्म माझ्या मुलीची नाही. नऊ वर्षांपूर्वी मी सूर्यमाळच्या बाजूला एका शाळेत होतो. तिथे आठवीतल्या सुनंदाने महिनाभर मधल्या सुट्टीत बसून ती केली होती. दिवाळीनंतर तिचे आईबाप भिवंडीकडे वीटभट्टीवर निघाले, धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही नेलं. जाताना म्हणाली, "ती पाणी घेऊन घरी जाते, एवढंच राहिलंय सर. आल्यावर पुरी करते." स्पर्धा जानेवारीत होती. माझी मुलगी जव्हारात नववीत, मार्क बेताचे... मी तिचं नाव टाकलं आणि अर्धी फिल्म पाठवून दिली. मुलीला म्हटलं, शाळेचं काम आहे, नुसतं नाव हवंय.

जूनमध्ये सुनंदा धावत आली. "सर, माझी बाई?" मी म्हणालो, मोबाईल बिघडला, सगळं पुसलं गेलं. ती "बरं" म्हणाली आणि गेली. पुढे माझी बदली झाली.

आता वर्गात बसलेल्यांपैकी सूर्यमाळकडचं एकही पोर नव्हतं, हे मी हजेरीपटावर बघितलं. फाईलही तपासली. तीच तारीख, तेच अडतीस सेकंद. आणि पाखरांचं तर मलाही माहीत नव्हतं.

रविवारी एसटीने मोखाड्याला गेलो, तिथून जीपने. सुनंदा पाड्यावर सापडली, पाठीला मूल बांधून नागलीतलं तण निंदत होती.

"सर? किती पिकलात!"

मी ठरवून आलो होतो, वह्यांचं आधी बोलायचं नाही. विचारलं, "तुझी ती बाई पाणी घेऊन घरी जाणार होती ना. वाटेत काय होणार होतं?"

ती हसली. "हंडा गळका करायचा होता. मागून पाखरां येऊन थेंब पितात, आन् तिला ठावंच नाय." मग एकदम थांबली. "पण हे मी कोणाला बोललेच नव्हते. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मग मी सगळं सांगितलं. वह्या, नाव, बक्षीस. मोबाईल बिघडला नव्हता, हेही. ती वाकून परत तण उपटायला लागली.

"पुसलं म्हणालात म्हणून मी नववीत बसले नाय," ती म्हणाली. "बा म्हणत होता, जा. मीच म्हटलं, महिनाभर केलेलं असं पुसून जातंय, तर शाळंत जाऊन करू काय?"

मी इतकी वर्षं समजत होतो, भट्टीमुळे सुटली असेल शाळा. बऱ्याच जणांची सुटते.

मी हात जोडले. "हात नका जोडू," ती म्हणाली. "पोरांना सांगा. माझं नाव घेऊन."

सोमवारी सांगितलं, एकवीस पोरांसमोर, उभं राहून. त्याआधी मुलीला फोन केला होता. ती म्हणाली, "बाबा, ते सर्टिफिकेट मी नोकरीच्या अर्जाला लावलं होतं," आणि फोन ठेवला. अजून नीट बोलत नाही. फिल्मखालचं नाव बदललंय. पोरांना आता ती अपुरी म्हणूनच दाखवतो.

पोरांनी त्या दिवशी पडद्यावर काय बघितलं, मला माहीत नाही. एका सहकाऱ्याला सांगितलं, तो म्हणाला तुमच्याच मनाचे खेळ. पण वह्या माझ्या अक्षरातल्या नाहीत. त्या कपाटात ठेवल्यात, अधूनमधून काढून वाचतो. उलगडा होत नाही.

बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म मध्यंतरी सुनंदाला नेऊन दिला. तिने तो वाचला, घडी केली आणि कुडाच्या भिंतीत खोचून ठेवला. अजून भरलेला नाही. मी विचारत नाही.