नत्थूजींचं टॉनिक

इतवारीच्या मागे आमच्या विणकरांच्या गल्लीत नत्थूजींइतका संशयी माणूस दुसरा नव्हता. दुकानातून तोलून आणलेलं सूत ते घरी पुन्हा तोलायचे. या स्वभावाचा मला तेव्हाही राग यायचा, अजूनही येतो.

बहात्तर साली त्यांचं पोट जळू लागलं. मागावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी यायची. बायको कुसुमावती घाबरली. तिचा भाऊ श्रावण ताकदीच्या टॉनिकची बाटली घेऊन आला. झालं! मेहुणा फुकट औषध का देतो? आपल्या पश्चात माग बळकावायचा डाव असणार, असं नत्थूजी माझ्या कानात सांगायचे. बायको रोज चमचा भरून पाजायची. हे तोंडात धरायचे आणि मोरीत थुंकायचे.

मग शौचाला काळं होऊ लागलं. कुसुमावतीनं दवाखान्यात विचारलं. "लोहाचं टॉनिक घेतात ना? मग काळं होणारच," डॉक्टर म्हणाले. ती निर्धास्त झाली. नत्थूजी शेजारीच बसले होते, पण पितळ उघडं पडेल म्हणून गप्प राहिले.

एके सकाळी मोरीवर कुणी भांडी घासत होतं. घाईत त्यांनी तोंडातलं टॉनिक कोपऱ्यातल्या हिरड्याच्या पाण्यात टाकलं. रंगवण्याआधी कुसुमावती त्यात सूत भिजवायची. दुपारी सूत वर काढलं, तर काळपट! लोखंड लागलं की हिरडा काळा पडतो, हे विणकराच्या घरात कुणाला शिकवावं लागत नाही. तिनं पाण्याचा वास घेतला. गोडसर, टॉनिकचाच.

"तुमी टॉनिक पेतच नव्हते का जी?" तिनं विचारलं. "मंग पोटातून काळं कायचं येऊन राहिलं?"

तिनं तडक रिक्षा बोलावली. मोठ्या दवाखान्यात कळलं, जठरात व्रण आहे, आतल्या आत रक्त वाहतंय, तेच काळं होऊन बाहेर पडतंय. आणखी उशीर झाला असता तर माणूस हाती लागला नसता.

जिवावरचं टळलं. मी भेटायला गेलो तेव्हा ती खाटेपाशी दुधाचा पेला घेऊन बसली होती.

"काहून सांगतलं नाही जी? श्रावणवर भरोसा नव्हता, तं मले तरी सांगाचं."

नत्थूजी भिंतीकडे बघत म्हणाले, "बाटली त्याची होती, पन चमचा तुह्या हातात होता वं."

कुसुमावतीनं पेला स्टुलावर ठेवला आणि नर्सला हाक मारली.

"बाई, यायले दूध तुमीच पाजा."