एक्केचाळीस नंबरचा बिल्ला

यवतच्या रामहरी मामांनी मला दिल्लीला नेलं. सख्खे मामा नव्हेत. मी शेजारच्या वरवंडचा, एवढंच नातं. सातवीत शाळा सोडलेल्या मला त्यांनी मेट्रोच्या बोगद्यावर कामाला लावलं, आपल्या खोलीत ठेवलं, स्वतः भाकरी थापून खाऊ घातली. हे आधी सांगतो. पुढचं मी कुणालाच — बायकोलाही — सांगितलेलं नाही.

माझं काम बोगद्याच्या तोंडाशी. खाली उतरणाऱ्यानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला फळीवर अडकवायचा, वर आला की काढून घ्यायचा. फळी रिकामी झाली की मी ‘समदे वर’ म्हणून हात करायचा. मग खालचे दिवे आणि हवेचा पंखा बंद.

सोपं होतं ना? पण आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. वाघरातून — जाळीच्या कुंपणातून — बाहेर पडणारी मेंढरं जोडीजोडीनं नजरेनं मोजायची सवय. मी फळीकडं बघायचोच नाही, डोकी मोजायचो. मामा हसायचे, “लेका, माणसं हायती ही, मेंढरं न्हाईत. बिल्लं बघ की!”

त्या दुपारी एकोणीस उतरले. एकोणीस वर आले. मी हात केला. दिवे गेले, पंखा थांबला.

वर आलेल्यांत एकजण पलीकडच्या तोंडानं उतरलेला होता. मला कसं कळणार होतं? — नाही, असं नको म्हणायला. फळी होती की समोर. दिवे गेल्यावर तिकडं नजर गेली, तर तिच्यावर एक्केचाळीस नंबर लटकत होता. मामांचा.

ओरडायला हवं होतं. एक हाक — आणि दिवे लागले असते. पण साहेब दहा पावलांवर उभे. काम गेलं तर? गावी कोणत्या तोंडानं जायचं? हातानं बिल्ला काढला, खिशात टाकला. आणि मी उभा राहिलो. पुढची पाळी उतरेपर्यंत — तासभर — तसाच उभा राहिलो.

त्या पाळीच्या माणसांनी मामांना वर आणलं. अंधारात चाचपडताना ते पडले होते. गुडघा फुटला होता. साहेबांनी मला विचारलं, यांनी बिल्ला लावला होता का? मी म्हणालो, “न्हाई.”

मामांनी माझ्याकडं पाहिलं. मग साहेबांना म्हणाले, “इसारलो आसंन मी.”

बिल्ल्याशिवाय उतरणाऱ्याला कामावर ठेवत नसत. प्लास्टरातला पाय घेऊन मामा गावी निघाले. स्टेशनावर पोचवायला मीच गेलो. गाडी हलली तेव्हा खिडकीतून म्हणाले, “आता तरी बिल्लं बघत जा, बाळा.”

म्हणजे त्यांना माहीत होतं.

आता मी बंगळूरला, पुन्हा मेट्रोच्याच कामावर. बिल्ला ट्रंकेच्या तळाशी, जुन्या सदऱ्यात गुंडाळलेला. एक दिवस यवतला उतरेन, मामांच्या दारात जाईन, आणि त्यांच्या घरच्यांसमोर, गल्लीला ऐकू जाईल असं सांगेन — मामा विसरले नव्हते. मग तो बिल्ला त्यांच्या हातावर ठेवीन.