बुडालेल्या गावाची विहीर

मुळशीच्या धरणात उतरायची परवानगी मिळाली, तेव्हा मी मालवणला पाण्याखाली जाताना वापरलेलंच सगळं सामान गाडीत भरायला घेतलं. समुद्रात ज्यावर भागलं, त्यावर तलावात का नाही भागणार? घोटावड्याच्या आमच्या घराच्या ओट्यावर वाळत टाकलेला माझा पातळ सूट बायकोने उचलला आणि बाजूला ठेवला. ती माझ्या कितीतरी आधीपासून पाण्याखाली जाते. मलाही तिनेच शिकवलं.

"हा उबदार पाण्यासाठी. धरणात खाली गार असतं, आणि अंधार," ती म्हणाली.

मग तिने एकेक वस्तू बदलली. अंगावर जाड सूट, डोक्याला टोपी. पायातल्या लांब फिनने गाळ उसळतो म्हणून आखूड फिन. प्रत्येकाला दोन विजेऱ्या, एक विझली तर दुसरी. मासेमारीच्या जाळ्यात अडकलो तर कापायला छोटी सुरी. परतीची वाट सापडावी म्हणून दोरीचं रीळ. खाली जाण्यासाठी कमरेला बांधायच्या शिशावर मात्र आमचं अडलं. गोडं पाणी खाऱ्याइतकं वर उचलत नाही, म्हणून शिसं कमी करायचं. पण जाड सूट तरंगू पाहतो, म्हणून वाढवायचं.

"मग नेमकं किती?"

"ते पाणीच सांगेल," ती म्हणाली.

उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी बरंच खाली गेलेलं. होडी चालवणारे काका तिथलेच. त्यांचं जुनं गाव धरणाखाली गेलेलं. त्यांनी ते पाहिलेलं नव्हतं, वडिलांकडून ऐकलं होतं. होडी थांबवून त्यांनी बोट दाखवलं.

"हितं खाली आमची विहीर हाय म्हणत्यात. गाळानं भरली आसंल."

काठाजवळच्या उथळ पाण्यात शिसं काढत-घालत आम्ही आधीच अंदाज घेतला होता. आता दोघं उतरलो. हिरवं पाणी तपकिरी झालं, मग काळं. गारवा टोपीच्या कडेतून मानेवर आला. विजेरीच्या उजेडात नुसते कण तरंगत होते. समुद्रात खाली जाताना रंग भेटतात. इथे काहीच नव्हतं, आणि त्या काहीच नसण्याची मला भीती वाटू लागली. बायकोचा हात दोरीवर होता. तेवढंच दिसत होतं.

मग एकदम उजेडात दगड आला. घडीव दगड, त्याला लागून दुसरा, पुढे तिसरा. ते गोल वळत गेले. आम्ही विहिरीच्या काठावर होतो.

मी श्वास आत ओढला की हातभर वर जायचो, सोडला की खाली. शिसं बरोबर जमलं होतं. गाळाचा एक कणही न हलवता मी त्या विहिरीच्या तोंडावर अधांतरी राहिलो. काठाच्या एका दगडाला खोल खाच पडली होती. दोर घासून घासून पडलेली. किती हातांनी तिथून पाणी ओढलं असेल! त्या सगळ्यांच्या डोक्यावर जिथे आभाळ होतं, तिथे आता माझ्या डोक्यावर पाणी होतं. मी खाचेत बोट ठेवलं. ते नीट बसलं.

विजेरी आत धरली. तळ दिसला नाही. गाळाने भरलेली नव्हती ती. मला आत जायचं होतं. इतकी ओढ कधीच कशाची वाटली नव्हती. मी डोकं खाली केलं, तेवढ्यात बायकोने माझं हवेच्या टाकीचं जॅकेट धरलं. तिने स्वतःच्या पाठीवरच्या एकुलत्या टाकीवर हात मारला आणि मान हलवली. बंदिस्त जागेसाठी हवेची वेगळी तयारी लागते, आम्ही मोकळ्या पाण्याची करून आलो होतो. मी थांबलो. बराच वेळ दोघं काठाशी नुसते तरंगत राहिलो.

वर आलो तेव्हा दात वाजत होते. काकांनी हात देऊन होडीत ओढलं.

"घावली?"

"सापडली. काठ शाबूत आहे. दोराची खाचसुद्धा," मी म्हणालो.

ते होडीच्या कडेवरून पाण्यावर वाकले.

"पाणी हाय का विहिरीत?" त्यांनी विचारलं.

बायको माझ्याकडे बघून हसली, पण काका हसत नव्हते.

"आहे काका," ती म्हणाली. "भरपूर आहे."

"व्हय," ते म्हणाले. "आमचा बा म्हणायचा, कदी आटली न्हाई."

त्यांनी वल्हं घेतलं, पण मारलं नाही. होडी तशीच राहिली.