साडूपेक्षा रुंद

माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने नवा कॅमेरा घेतला आणि आमच्या ह्यांच्या पोटात दुखायला लागलं. दोघे साडू, दोघांचेही फोटो स्टुडिओ. एरवी ह्यांचं कुणाशी वाकडं नाही. पण साडूला चांगलं गिऱ्हाईक मिळालं की त्या दिवशी आमच्या घरची भाजी अळणी. मीठ रोजचंच असतं हो!

त्यात शाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, यंदा अख्ख्या शाळेचा एकच लांबलचक फोटो हवा, सभागृहात लावायला. ही शाळा म्हणजे ह्यांचा जीव. आमच्या लग्नाआधीपासून तिथले ग्रुप फोटो हेच काढतात. साध्या कॅमेऱ्यात एवढी पोरं मावेनात, म्हणून आम्ही जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात गेलो.

दुकानदाराने दोन कॅमेरे पुढे ठेवले. एक साडूच्यासारखाच, फोटो रुंद पण लेन्स जागच्या जागी. दुसऱ्याचं बटण दाबलं की लेन्सच डावीकडून उजवीकडे फिरायची.

"पण ह्याचं जरा असं आहे..." तो सांगायला लागला.

हे ऐकतील तर शपथ! "साडूच्यापेक्षा जास्त मावतं का ह्यात?"

"मावतं."

झालं, तोच घेतला.

संध्याकाळी साडू कॅमेरा बघायला आले. हौसेने हातात घेऊन म्हणाले, "दादा, लेन्स फिरती आहे, तेव्हा बाक सरळ नका लावू. कमानीत लावा, दोन्ही टोकं आपल्याकडे वळवून. सगळे सारख्या अंतरावर आले की फोटोत रांग सरळ दिसते."

ते गेल्यावर ह्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. "शाळा काय वाकडी बसवू? माझा फोटो बिघडावा म्हणून सांगतोय!"

"अहो, त्यांना काय मिळणार त्यातून?"

"माझी शाळा मिळेल!"

मग काय, दोरी धरून बाक सरळ मांडले. प्रिंट आली, तर मधोमध मोठ्या बाई भोपळ्याएवढ्या आणि टोकाची पोरं वाटाण्याएवढी. बाई बिचाऱ्या सभ्य. "शनिवारी पुन्हा काढा," एवढंच म्हणाल्या.

हे कळताच साडू स्वतःचा कॅमेरा घेऊन धावत आले. "दादा, हा न्या. नाहीतर तुमचाच राहू दे, मी येऊन नुसते बाक लावून देतो. कुणाला सांगणार नाही."

"शाळा गेली तरी बेहत्तर, तुझी मदत नको," हे म्हणाले. सुंभ जळेल, पण पीळ जाईल का! शनिवारी हे घरातून हललेच नाहीत.

बाईंनी मग साडूंनाच विचारलं. त्यांनी हात जोडले. "ती दादांची शाळा. मी नाही काढणार." काम तिसऱ्याच कुणाला तरी गेलं.

हे ऐकून तरी ह्यांचं मन विरघळेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! "मोठा आला त्यागी! बाईंपुढे भला माणूस ठरला, आणि मी?" ताटावरून उठून गेले.

दुसऱ्या दिवशी बहीण आली आणि कुरकुरायला लागली. "ह्यांच्या भोळेपणाला काय म्हणावं ताई, चालून आलेलं काम सोडलं!"

"गप बस!" मी ओरडलेच. ती घाबरून बघत राहिली. तिचं रूप, तिचे दागिने, तिचं मोठं घर, कशाचाच हेवा कधी केला नव्हता मी तिचा. त्या दिवशी तिच्या भोळ्या नवऱ्याचा केला.