माझ्या पोरीचा गोवर कुठून आला

"तिला आत नको आणू. ड्राय बाल्कनीत ठेव."

माझी पोर माझ्या कडेवर होती. आठ महिन्यांची. नुकतेच दोन दात फुटलेले. बाईच्या हॉलमधला फुगा बघून हसत होती.

ड्राय बाल्कनी म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची चिंचोळी जागा. वॉशिंग मशीन, कचऱ्याचे डबे, फरशी पुसायची ओली फडकी. तिथे मी चादर अंथरली आणि पोरीला बसवलं. बाईने दुरूनच बघितलं. म्हणाली, "आणि विहानला तिच्या जवळ जाऊ देऊ नकोस. तुमच्या वाडीत काय काय असतं, कुणाला माहीत."

मी म्हटलं, "हो मॅडम."

तोंडावर मी तिला मॅडम म्हणायचे. इथे म्हणणार नाही. इथे ती बाई.

आमची वाडी कर्नाळ्याच्या डोंगराखाली. आम्ही आदिवासी. नवरा दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातो, पावसाच्या तोंडावर परत येतो. मी आठवी शिकलेली. सकाळी सहा सीटर रिक्षात कोंबून बसायचं, नवीन पनवेलला उतरायचं, टॉवरच्या गेटवर पिशवी उघडून दाखवायची आणि नवव्या मजल्यावर भांडी, लादी, कपडे. पोरीला घरी सासू बघायची. त्या महिन्यात सासूने अंथरूण धरलं. मोठा मुलगा शाळेत. म्हणून पोर माझ्याबरोबर. पंधरा दिवसांपुरती, असं हातापाया पडून मी परवानगी मिळवली होती.

बाई शिकलेली. तिचा नवराही शिकलेला, तो महिन्यातले वीस दिवस बाहेरगावी. मुलगा एकच, विहान, चार वर्षांचा. त्याला बाहेरचं काही द्यायचं नाही. गूळ वेगळा, तूप वेगळं, तांदूळ वेगळा. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू. वाटायचं, आई असावी तर अशी.

एक दिवस ती फोनवर बोलत होती. तिच्यासारख्या बायांचा एक ग्रुप होता, त्यातलीच कुणी असेल. मी ओटा पुसत होते.

"आम्ही एकही लस दिली नाही गं. आत्तापर्यंत एकही नाही. त्याची इम्युनिटी बघ ना."

मला खरं वाटेना. फोन ठेवल्यावर मी विचारलं. विचारायला नको होतं, पण तोंडातून गेलं. "मॅडम, बाबूला सुया नाय दिल्या?"

ती हसली. लहान पोराला समजवावं तशी म्हणाली, "अगं, ते तुमच्या लोकांसाठी असतं. घाणीत राहतात, कुपोषण असतं, त्यांना द्यावंच लागतं. आमच्या विहानच्या शरीरात मी असलं काही घालणार नाही."

तुमच्या लोकांसाठी.

माझ्या आईची दोन पोरं गोवराने गेली. एकाच आठवड्यात. मी तेव्हा पोटात होते. त्या आधी वाडीत सुईवाली सिस्टर आली की आई दोघांना घेऊन करवंदीच्या जाळीत लपायची. कुणीतरी सांगितलं होतं की सुईने पोरं लुळी होतात. दोन्ही पोरं पुरली आणि मग माझ्या वेळेला आई स्वतः मला घेऊन चालत दवाखान्याला निघाली. सिस्टर वाडीत यायची वाटसुद्धा बघितली नाही. हे ती सांगायची तेव्हा रडायची नाही. फक्त म्हणायची, "मी लपले गं. मीच लपले."

माझ्या मोठ्याच्या वेळेला घरात भांडण झालं. नवरा म्हणाला, "सुई दिली का पोर तापतंय. मी भट्टीवर, तू कामावर. बघायचं कोणी?"

मी म्हटलं, "मी बगन. खाडा पडला तरी चालंल. सुई द्यायचीच."

तो दोन दिवस बोलला नाही. पोर खरंच तापलं. मांडीवर सूज आली. मी रात्रभर ओली पट्टी ठेवली आणि मनात घाबरले, की आई चुकली तशी मी उलट्या बाजूने तर चुकले नाही ना. दुसऱ्या दिवशी ताप उतरला आणि पोर पुन्हा अंगावर प्यायला लागलं. त्यानंतर एकही सुई चुकवली नाही. ना त्याची, ना पोरीची. पोरीची गोवराची सुई तेवढी राहिली होती, कारण ती नऊ महिने भरल्यावर देतात. तिला आठ झाले होते.

मला कुणी सोपं करून दिलं नव्हतं. मी भिऊन, भांडून, ठरवलं होतं. आणि ही बाई गार हवेत बसून मला सांगत होती की ते घाणीतल्या लोकांसाठी असतं.

विहान मात्र पोर होतं. त्याला हॉल आणि बाल्कनी यातला फरक कळत नव्हता. आई आंघोळीला गेली की तो मागे यायचा, मशीनआड लपायचा, "भोऽ" करायचा. माझी पोर खिदळायची. मी त्याला हाकलायचे. पुन्हा यायचा.

एका सकाळी तो झोपूनच होता. अंगात सणसणीत ताप. डोळे लाल, नाक वाहतंय, खोकला. बाई म्हणाली, "उष्णता झालीय. तू जरा त्याच्याजवळ बस, माझा कॉल आहे." मी बसले. तिसऱ्या दिवशी कानामागून पुरळ उठलं. मग तोंडावर. मग छातीवर. मी वाडीत वाढलेली आहे. मला कुणी शिकवायला नको.

मी म्हटलं, "मॅडम, ह्यो गोवर हाय."

"तू डॉक्टर आहेस का?"

"नाय. पण गोवर हाय. डॉक्टरला दाखवा."

"दाखवलंय मी. उष्णतेच्या पुळ्या आहेत. आणि हे बाहेर कुठे बोलायचं नाही. कळलं?"

त्याच क्षणी मी पोरीला उचलून निघायला हवं होतं. मी निघाले नाही. सासू अंथरुणात, काम सुटलं तर दुसरं कुठे मिळणार, आणि बाई म्हणते डॉक्टरला दाखवलंय, म्हणजे असेल. आणि खरं सांगू, ते पोर माझा हात धरून झोपत होतं. त्याची आई दुसऱ्या खोलीत बोलत होती आणि ते माझं बोट सोडत नव्हतं.

ही माझी चूक. ती मी कुणाच्या माथी मारत नाही. पण बाकीची चूक माझी नाही.

विहान बरा झाला. बाईने ग्रुपवर त्याचा फोटो टाकला. मला दाखवलाही. "बघ, औषधाशिवाय."

त्याला पुरळ उठल्यापासून बारा दिवसांनी माझी पोर तापली.

सरकारी दवाखान्यात आम्ही अकरा दिवस होतो. पुरळ गेलं आणि छाती भरली. तिची बरगडी श्वासागणिक आत जायची. नाकाला नळी. आवाज बसलेला, त्यामुळे ती रडायची ते ऐकू यायचं नाही, नुसतं तोंड उघडायचं. नवरा भट्टीवरून आला. भिंतीला टेकून उभा राहिला. पुढे कानातून पू आला.

डॉक्टरांनी विचारलं, "घराजवळ कुणाला गोवर झालाय?"

"वाडीत कोणालाच नाय," मी म्हटलं. "मी कामाला जाते तिथल्या पोराला झाला."

त्यांनी लिहून घेतलं. चार दिवसांनी आरोग्य खात्याची माणसं त्या टॉवरमध्ये गेली. बाईने सांगितलं, माझ्या मुलाला काही झालेलंच नाही. आणि लगोलग सोसायटीत बोलणं सुरू झालं की कामवाल्या बाया रोगराई आणतात.

पोर घरी आली त्याच आठवड्यात मला निरोप आला. सगळ्या बायांनी आपापल्या मुलांची लसीची कार्डं घेऊन सोसायटीच्या ऑफिसात यायचं. नाहीतर गेट बंद. मी गेले. आम्ही सात बाया भिंतीला लागून उभ्या. खुर्च्या होत्या, पण बसा कुणी म्हटलं नाही. सेक्रेटरी टेबलामागे. दोन-चार फ्लॅटवाले. आणि ती, तोंडाला मास्क लावून, माझ्याकडे बोट करून.

"हीच. हिच्या मुलीला झाला. ती मुलगी माझ्या घरात आणायची. मी दयेने येऊ दिलं. या लोकांना मुलं जन्माला घालता येतात, बाकी काही कळत नाही."

सेक्रेटरी म्हणाला, "कार्ड आणलंय का?"

मी दोन्ही कार्डं टेबलावर ठेवली. त्याने उलटून बघितली. मोठ्याचं पूर्ण भरलेलं. पोरीचं सगळं भरलेलं, फक्त नवव्या महिन्याचा रकाना कोरा.

"हे राहिलंय," तो म्हणाला. जणू त्याला चोर सापडला.

"ती आठ महिन्यांची होती साहेब. ती सुई नवव्यात असती. तिच्या वाटची सुई तिला मिळायची होती. ती चुकली नाय. आता विहानबाबूचं कार्ड मागवा."

सेक्रेटरीने कार्डं मिटून माझ्याकडे सरकवली.

"मागवा ना साहेब. आमी सात जणींनी आणलंय. ह्यांचं कुठे हाय?"

बाई किंचाळली, "हिची हिंमत बघा!"

सेक्रेटरी खाली बघत म्हणाला, "हे बघ, मॅडमचा तो वैयक्तिक निर्णय आहे. तुझा त्याच्याशी काय संबंध?"

मी दोन्ही कार्डं उचलली. "माझी पोर अकरा दिवस नळीवर होती, तो माझा संबंध. पुरळ ह्यांच्या पोराला आधी उठलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मी गोवर बोलले तर ह्या बोलल्या, बाहेर बोलू नको. आज बोलते. माझ्या पोरीने ह्यांच्या घरात रोग आणला नाय. ह्यांच्या घरातनं नेला."

माझ्या शेजारी उभी असलेली शिरढोणची बाई, पन्नाशीची, कधी कुणाला उलट न बोललेली, ती हळूच म्हणाली, "खरं बोलते ती. पोराच्या तोंडावरचं पुरळ मी पण बघितलं होतं. लिफ्टात." बाकीच्या पाच गप्प राहिल्या. त्यांना मी दोष देत नाही. त्यांना उद्या गेटातून आत जायचं होतं.

त्याच दिवशी माझा गेटपास काढून घेतला. शिरढोणच्या बाईचाही.

पुढच्या आठवड्यात बाईचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "अगं, झालं गेलं विसर. तू आरोग्य खात्यात आमचं नाव दिलंस, ते मागे घे. विहानच्या शाळेत कळलं तर कसं दिसेल? मुलीसाठी काही पाठवते. विहानचे कपडे आहेत, खेळणी आहेत, चांगली आहेत सगळी." आणि खरंच ड्रायव्हरबरोबर मोठी पिशवी वाडीच्या रस्त्यावर आली. मी पिशवी उघडलीसुद्धा नाही. ड्रायव्हरला म्हटलं, "गाडीत टाक. आणि सांग, पोरीचं नाव विचारलं का त्यांनी? पंधरा दिवस घरात होती."

त्याच दुपारी मी आरोग्य केंद्रात गेले आणि जबाब दिला. टॉवरचं नाव, मजला, फ्लॅट नंबर. सिस्टरने विचारलं, "नक्की ना? त्रास देतील तुला." मी सही केली. अंगठा नाही. सही.

आता पोर तीन वर्षांची आहे. डाव्या कानाने तिला जवळजवळ ऐकू येत नाही. बोलायला उशिरा लागली. मागून हाक मारली तर वळत नाही. डॉक्टर म्हणतात, बघू. विहानला काही झालं नाही. व्हावं असं मला कधी वाटलंही नाही. तो पुढे मोठा होईल आणि त्याला कुणी सांगणार नाही.

गेल्या महिन्यात खारघरला एका घरी कामासाठी गेले. बाई तरुण, कडेवर दीड वर्षाचं बाळ. तिने मला सगळं विचारलं. आधार कार्ड, पोलीस पडताळणी, आधीचं काम का सोडलं, घरी कुणाला टीबी वगैरे आहे का. मी सगळ्याची उत्तरं दिली. मग म्हटलं, "आता मी विचारते. बाळाला सुया दिल्या का?"

तिच्या भुवया वर गेल्या. "हे तू मला विचारतेस?"

"हो. तुमालाच."

"आम्ही अजून ठरवतोय. ते आमचं आम्ही बघू ना. तुला काम करायचंय की चौकशा?"

मी पायरीवर चपला घातल्या.

"ठरवा," मी म्हटलं. "ठरवेपर्यंत भांडी तुमीच घासा."

मी लिफ्टची वाट बघितली नाही. जिन्याने उतरले. दुसऱ्या दिवशी दुसरं घर, तिथेही हाच प्रश्न. चौथ्या घरी तिथल्या आजींनी उठून कपाटातून नातवाचं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. तिथे मी काम करते. आमच्या वाडीतल्या नऊ बाया आता हाच प्रश्न विचारतात. आम्हाला उर्मट म्हणतात. म्हणू देत. आमची पोरं कुणाच्या हौसेची किंमत भरणार नाहीत.